आधी अटी, मग आकडा

मे महिना निम्मा सरला की खानदेशातल्या भिंती, एसटीचे थांबे आणि कृषी केंद्रांची शटरं कापसाच्या बियाण्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. पुरुषभर उंचीचं झाड, बुडापासून शेंड्यापर्यंत बोंडं, शेजारी फेटा बांधलेला शेतकरी आणि खाली ठळक अक्षरांत एकरी क्विंटलचा आकडा. अमळनेर-पारोळ्याकडचा शेतकरी तो आकडा वाचून हुरळत नाही आणि चिडतही नाही. तो दुकानदाराला विचारतो, "जमीन कोनती शे? पानी कितलं शे?" काळी कसदार की मुरमाड, ठिबकवरची पूर्वहंगामी लागवड की मृगाच्या भरवशावर टोबलेलं कोरडवाहू बी, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला त्याच्या लेखी काही किंमत नसते. आणि असं विचारलं म्हणून त्याला कोणी विज्ञानविरोधी म्हणत नाही.

संगणकाच्या बुद्धिबळात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, 'इंजिनां'च्या जगात, मात्र हाच प्रश्न विचारणारा माणूस किरकिरा ठरतो. "आमचं इंजिन जगात पहिलं", "एआयने चार तासांत बुद्धिबळ आत्मसात केलं", "आमच्या प्रणालीवर शिकलेल्या मुलांचं रेटिंग चारशेने वाढलं" अशी वाक्यं धडाधड येतात. कुणीतरी विचारतो की सामना किती डावांचा होता, यंत्रं कोणती होती, प्रत्येक चालीला वेळ किती होता. लगेच दुसरा कुणीतरी म्हणतो, तुला प्रगतीच बघवत नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्न विचारणारेच या क्षेत्राला पुढे नेत आलेत. अटींशिवाय आकडा सांगणाऱ्याला आपण, विशेषतः आपल्याकडचे पालक आणि क्लासचालक, फार सहज सोडून देतो.

हे जळगाव-धुळ्याकडे बसून लिहायचं कारण साधं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि बुद्धिबळाचा क्लास ही गोष्ट मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. जळगावात जैन हिल्सवर स्पर्धा भरतात तेव्हा शेजारच्या तालुक्यांतूनही पालक मुलांना घेऊन येतात. मुलगा हॉलमध्ये खेळत असतो आणि बाहेर बाकावर आई-वडिलांची चर्चा चालते: कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कोणत्या ॲपची वर्गणी भरायची, "एआयवाला" क्लास चांगला की जुना सर. त्या चर्चेत येणारे आकडे जवळजवळ सगळे जाहिरातीतून आलेले असतात.

बुद्धिबळाच्या यंत्रांची सुरुवातच देखाव्याने झाली. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केम्पेलेनने जो खेळणारा पुतळा दाखवला, त्याच्या पेटीत माणूस लपलेला असे. तो युरोप-अमेरिकेत अनेक दशकं गर्दी खेचत राहिला. पण ती सरळसरळ फसवणूक होती, त्यामुळे आज तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. अडचण तिथे सुरू होते जिथे दावा खरा असतो आणि तरीही तो अर्धवट सांगितलेला असतो.

आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचं बघा. १९९६ साली फिलाडेल्फियात त्या वेळचा जगज्जेता कास्पारोव त्याच्याविरुद्ध ४–२ ने जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला तो ३.५–२.५ ने हरला. यंत्रात बुद्धिबळासाठीच घडवलेल्या ४८० चिप्स होत्या आणि ते सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होतं. हे सगळं खरं. पण दुसऱ्या डावानंतर कास्पारोवच्या मनात शंका आली आणि त्याने यंत्राच्या नोंदी मागितल्या, तेव्हा त्या हाती पडल्या नाहीत. पुढे त्या प्रसिद्ध झाल्या. परतीचा सामना झाला नाही आणि यंत्र सेवेतून काढून टाकलं. माणसाने आतून मदत केल्याचा पुरावा कधीच निघाला नाही. माझ्या मते यंत्र खरोखरच जिंकलं होतं. तरीही तो संशय आजवर पुरता गेलेला नाही, आणि तो ज्यांनी जिवंत ठेवला त्यांनीच विजयाचा गाजावाजा सर्वांत जास्त केला होता. नोंदी त्याच आठवड्यात टेबलावर ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? कंपनीला सामना हवा होता, संशोधकांना यंत्र हवं होतं. सामना संपला आणि कंपनीचं काम झालं.

वीस वर्षांनी हीच गोष्ट जास्त रंगतदार रूपात आली. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड या लंडनमधल्या कंपनीने अल्फाझीरो जाहीर केलं. स्टॉकफिश या त्या काळच्या बलाढ्य, स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त इंजिनाविरुद्ध १०० डाव, त्यांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. बातमीत मात्र सगळ्यांत वर गेले ते "चार तास". फक्त नियम सांगितले, स्वतःशी खेळत राहिलं आणि चार तासांत जगातल्या सर्वोत्तम इंजिनाच्या पुढे गेलं. मराठी वर्तमानपत्रांतही हे चार तास आले, आणि आजही क्लासच्या पत्रकांत ते भेटतात.

त्या चार तासांचा हिशेब मांडू. स्वतःशी डाव खेळायला पहिल्या पिढीचे ५,००० टीपीयू, म्हणजे गूगलने न्यूरल नेटवर्कच्या गणितासाठी बनवलेल्या खास चिप्स, आणि नेटवर्कला शिकवायला दुसऱ्या पिढीचे ६४. एकच चिप घेऊन तेवढं खेळायला बसवलं तर पाच हजार गुणिले चार म्हणजे वीस हजार तास होतात, सव्वादोन वर्षांपेक्षा जास्त. पूर्ण प्रशिक्षण नऊ तासांचं होतं आणि त्यात ४ कोटी ४० लाख डाव खेळले गेले. म्हणजे "चार तास" हे खोटं नव्हतं. जो ठिबकवर, गाळाच्या जमिनीत, दर आठवड्याला खत सोडून घेतलेला उतारा कोरडवाहूवाल्याला सांगतो, तोही खोटं बोलत नसतो.

सामन्याच्या अटींवर तर इंजिन बनवणाऱ्यांनी त्याच आठवड्यात बोट ठेवलं. समोरचं स्टॉकफिश ८ वर्षभर जुनं होतं. त्याला ६४ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे गणिताचे धागे, दिले, पण हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा, फक्त एक जीबी. एवढ्या वेगाने काम करणाऱ्या यंत्राला ती जागा फारच अपुरी. प्रत्येक चालीला बरोबर एक मिनिट. स्टॉकफिशमध्ये अवघड जागी जास्त वेळ घ्यायचा आणि सोप्या जागी वाचवायचा यासाठी बरीच मेहनत घेतलेली आहे. ठरावीक मिनिटाच्या अटीत ती वाया गेली. ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा तयार साठा, नव्हतं. आणि शंभरांपैकी फक्त दहा डाव लोकांना बघायला मिळाले.

इथे प्रश्न विचारणाऱ्यांचे दोन गट पडले आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. पहिला गट म्हणाला, ही बनवाबनवी आहे. दुसरा म्हणाला, या अटी बदलून पुन्हा खेळवा आणि मग आकडा सांगा. पहिला गट चुकला. डिसेंबर २०१८ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात पूर्ण शोधनिबंध आला. त्यात १,००० डाव होते, प्रत्येकी तीन तास आणि दर चालीला १५ सेकंदांची भर, स्टॉकफिशला प्रोसेसरचे ४४ कोअर आणि ३२ जीबी हॅश. शिवाय स्टॉकफिशच्या नव्या आवृत्तीविरुद्ध आणि ओपनिंग बुक देऊनही सामने झाले. हजार डावांत अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबऱ्या. निष्कर्ष टिकला.

पण आकडा बदलला. पहिल्या सामन्यात १०० पैकी ६४ गुण म्हणजे एलोच्या, खेळाडूंची ताकद रेटिंगच्या आकड्यांत मोजणाऱ्या, सूत्राने सुमारे १०० गुणांची आघाडी. दुसऱ्यात १,००० पैकी ५७४.५ म्हणजे सुमारे ५२. वेळ वाढला की बरोबऱ्या वाढतात, त्यामुळे सगळा फरक हॅशच्या जागेमुळे पडला असं म्हणता येणार नाही. तरी अटी बदलल्या आणि तफावत निम्म्यावर आली, हे माझ्या वाचनातल्या कोणत्याही बातमीत नव्हतं. ते काढायला कॅल्क्युलेटर आणि पाच मिनिटं पुरतात.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. डीपमाइंडने पद्धत सांगितली, पण प्रोग्राम दिला नाही. तेव्हा २०१८ मध्ये गॅरी लिन्स्कॉट आणि इतर स्वयंसेवकांनी ती पद्धत सगळ्यांना खुल्या रूपात पुन्हा उभी करायला घेतली. लीला चेस झीरो नावाचं इंजिन लोकांच्या घरच्या संगणकांवर, देणगी म्हणून मिळालेल्या ताकदीवर शिकत गेलं. २०१९ साली इंजिनांच्या टीसीईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने स्टॉकफिशला ५३.५–४६.५ ने हरवलं. अल्फाझीरोचा मूळ दावा खरा होता याचा सर्वांत भक्कम पुरावा डीपमाइंडच्या पत्रकातून आला नाही. "दाखवा, आम्हीही करून बघतो" म्हणणाऱ्यांनी तो दिला.

आणि त्याच सुमारास जपानमध्ये शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, लोकांचं वेगळंच काम चालू होतं. २०१८ मध्ये यू नासूने एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क मांडलं. त्यातली युक्ती मला फार आवडते. एका चालीने पटावर दोन-तीन गोष्टीच बदलतात, मग दर वेळी सगळं गणित नव्याने कशाला करायचं? बदललं तेवढंच करा. त्यामुळे महागडी ग्राफिक्स चिप लागत नाही, साध्या प्रोसेसरवर काम भागतं. हिसायोरी नोदाने ते स्टॉकफिशमध्ये आणलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं. आज भुसावळच्या एखाद्या पोराच्या जुन्या मोबाइलवरही न्यूरल नेटवर्कवालं इंजिन फुकटात चालतं, ते या कामामुळे. या कामाची बातमी माझ्या माहितीतल्या एकाही पालकाने वाचलेली नाही. चार तासांची सगळ्यांनी वाचली आहे.

याच टप्प्यावर जाहिरातीचं दुसरं, जास्त वाईट रूप समोर आलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये हॅम्बर्गच्या चेसबेस कंपनीने फॅट फ्रिट्झ २ विकायला काढलं, किंमत शंभर युरोला दहा सेंट कमी. जगातलं नवं सर्वांत बलवान इंजिन अशी त्याची जाहिरात होती. आत मात्र स्टॉकफिशच होतं; नेटवर्क मोठं आणि वेगळं शिकवलेलं, बाकी बदल किरकोळ. स्टॉकफिशच्या मंडळींनी जाहीर निवेदन काढलं, लिचेस या फुकट बुद्धिबळ संकेतस्थळाने त्यावर कडक लेख लिहिला. जुलै २०२१ मध्ये टोर्ड रोमस्टाड आणि स्टेफान निकोले या दोघा स्टॉकफिशकारांनी जर्मनीत दावा दाखल केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने वर्षभर स्टॉकफिश असलेली उत्पादनं विकायची नाहीत आणि मुक्त परवान्यांचं पालन बघायला माणूस नेमायचा, असं ठरलं.

या प्रकरणाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे तो आधी दूर करू. स्टॉकफिश फुकट आहे म्हणून ते विकणं हा गुन्हा, असं नाही. त्याचा जीपीएल हा मुक्त परवाना विकायला पूर्ण मोकळीक देतो. अट इतकीच की ज्याला प्रोग्राम द्याल त्याला हे कशावर बेतलं आहे ते सांगा, परवाना सोबत द्या आणि स्रोत, म्हणजे मूळ कोड, मागितला तर तो द्या. म्हणजे कंपनी प्रामाणिकपणे लिहू शकली असती, "स्टॉकफिशवर आम्ही आमचं मोठं नेटवर्क बसवलं आहे, किंमत इतकी." काहींनी घेतलंही असतं. त्याच कंपनीच्या डेटाबेसवर जगभरचे खेळाडू गेली कित्येक दशकं तयारी करत आलेत, तिच्या कामाची किंमत कोणी नाकारत नाही. पण "नवं" आणि "सर्वांत बलवान" हे शब्द खपवायचे तर शेकडो स्वयंसेवकांचं नाव बारीक अक्षरांत ढकलावं लागतं. विक्रीच्या भाषेचा खरा दोष इथे आहे. ती गुण फुगवते हे एक वेळ चालेल. ती काम कोणाचं हे झाकते, आणि मग पुढचं काम करायला माणूस पुढे येईनासा होतो.

ते काम चालतं कसं हे एकदा बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये लिन्स्कॉटनेच फिशटेस्ट सुरू केलं. कोणी सुधारणा सुचवली की ती मताने स्वीकारत नाहीत. जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर जुनी आणि नवी आवृत्ती हजारो डाव खेळतात, आणि सुधारणा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली तरच आत जाते. बहुतेक सूचना बाद होतात. टिकते तिचा फायदा बहुधा एक-दोन एलो. एवढ्या बारक्या फरकासाठी एवढे डाव का लागतात, हे ज्याला कळलं त्याला निम्म्या जाहिराती आपोआप वाचता येतात. दोन इंजिनांचा दहा डावांचा सामना ६–४ सुटला तर सूत्र ७० एलोची आघाडी दाखवतं. पण निम्मे डाव बरोबरीत जातात असं धरलं तर इतक्या थोड्या डावांत चूक दीडशे एलोच्या आसपास इकडे-तिकडे असू शकते. शंभर डावांत ती पन्नासच्या घरात येते, दहा हजारांत पाचच्या. म्हणून दहा डावांवर "आमचं इंजिन श्रेष्ठ" म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं.

इंजिनाच्या यादीतलं ३,६०० रेटिंग आणि माणसाचं २,८०० यांची वजाबाकीही अशीच फसवी. इंजिनं आपसात खेळतात, त्यांची यादी वेगळी; माणसं आपसात खेळतात, त्यांची वेगळी. दोन्ही तराजूंचा शून्य एकाच जागी नाही. "डेप्थ ४०" (इंजिनाने किती चाली पुढे पाहिलं) हाही असाच दिखाऊ आकडा. प्रत्येक इंजिन कोणत्या फांद्या छाटतं हे निराळं असतं, त्यामुळे एकाची चाळीस दुसऱ्याच्या तिसाहून उथळ असू शकते. सेकंदाला किती स्थिती तपासल्या यावरही ताकद ठरत नाही. अल्फाझीरो ८० हजार तपासत होतं आणि स्टॉकफिश सात कोटी. पडद्यावरचं "+१.००" सुद्धा स्थिर नाही. पूर्वी ते ढोबळपणे एका प्याद्याची आघाडी समजलं जाई. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून ते जिंकण्याची शक्यता ५० टक्के असलेल्या स्थितीशी जोडलं गेलं. प्रशिक्षक मुलाला "इंजिन म्हणतं दीडने पुढे आहेस" असं सांगतो तेव्हा कोणतं इंजिन, कोणती आवृत्ती, किती वेळ दिला, हे तिघांनाही ठाऊक नसतं: मुलाला, पालकाला आणि बहुतेक वेळा प्रशिक्षकालाही.

आता तांत्रिक मंडळींकडे वळतो, कारण ती काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. त्यांच्या वर्तुळात नवा माणूस भोळा प्रश्न घेऊन गेला की त्याच्या अंगावर पाच परिभाषा फेकल्या जातात आणि तो परत येत नाही. कोणी नवं इंजिन आणलं की पहिला आरोप चोरीचा. काही वेळा आरोप खरा निघतो. २०११ साली रिब्का या इंजिनावर क्राफ्टी आणि फ्रूट यांची नक्कल केल्याचा ठपका आला आणि आयसीजीए या संघटनेने २००७ ते २०१० ची त्याची जगज्जेतेपदं काढून घेतली. पण तो वाद फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीतिमत्ता आयोगापर्यंत गेला, आणि त्या काळात इंजिन बनवण्यापेक्षा एकमेकांची इंजिनं उसवण्यात किती हुशार माणसांची किती वर्षं गेली असतील याची कल्पना केलेली बरी. शिवाय त्यांचीही जाहिरात असतेच. स्टॉकफिश १२ च्या घोषणेत म्हटलं होतं की स्टॉकफिश ११ विरुद्ध ते हरलेल्या डाव-जोड्यांच्या (तीच सुरुवात, रंग बदलून दोन डाव) किमान दहापट जोड्या जिंकेल. वाक्य भारदस्त आहे. त्यात बरोबरीत सुटलेल्या जोड्या मोजलेल्या नाहीत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की इंजिन दहापट बलवान झालं. फरक एवढाच की तिथे अट वाक्यातच आहे आणि ज्याला शंका आली त्याला दोन्ही आवृत्त्या उतरवून घरी खेळवता येतात.

जाहिरातीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो मी हलका मानत नाही. गाजावाजा नसता तर एवढी मुलं पटावर आली असती का? डीप ब्लूच्या बातमीने एक पिढी संगणकाकडे वळली, अल्फाझीरोच्या बातमीने लीला जन्माला आली, गुकेशच्या पोस्टरने आपल्या तालुक्यातला क्लास चालला. बरोबर आहे. पण लीला ज्यांनी बनवली त्यांनी बातमी वाचून थांबायचं नाकारलं आणि शोधनिबंध उघडला. गाजावाजा माणसाला दारापर्यंत आणतो. आत बोलायला कोणी नसेल, किंवा आतली भाषाच त्याला कळत नसेल, तर तो दारातूनच काहीतरी विकत घेऊन घरी जातो. मराठीत इंजिनाविषयी तांत्रिक लेखन जवळजवळ नाही. ती पोकळी पत्रकं भरून काढतात.

त्या पत्रकांत सध्या सर्वांत खपणारा शब्द म्हणजे एआय. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅगल या गूगलच्या व्यासपीठावर गप्पा मारणाऱ्या भाषिक प्रणालींची बुद्धिबळ स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात ओपनएआयच्या ओ३ ने ग्रोक ४ ला ४–० ने हरवलं, आणि त्या डावांत फुकट गेलेले मोहरे बघून क्लासमधली पोरंही हसली असती. स्टॉकफिश आणि या प्रणाली यांच्या खेळात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण पत्रकावर दोन्हींना तोच शब्द चिकटतो. मुलाच्या डावाचं विश्लेषण इंजिन करतं की गप्पांची प्रणाली शब्द जुळवून सांगते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

रेटिंगच्या दाव्यांबाबत तर एक नमुना प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. १ मार्च २०२४ रोजी फिडेने २,००० च्या खालची सगळी रेटिंगं एका सूत्राने वर उचलली: २,००० पासून जितकं अंतर, त्याच्या ४० टक्के भर. ज्याचं १,००० होतं त्याचं एका रात्रीत १,४०० झालं, १,५०० चं १,७००, १,८०० चं १,८८०. एक चालही न खेळता. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये मोजणी करून कुणी "आमच्या विद्यार्थ्यांच्या रेटिंगमध्ये ४०० ची वाढ" असं छापलं तर त्याला खोटं पाडता येणार नाही. ऑनलाइन ॲपवरचं १,५०० आणि फिडेचं १,५०० हेही एक नव्हे. आणि ॲप डाव संपल्यावर "अचूकता ९४ टक्के" दाखवतं ते बघून मुलगा नाचत येतो, तेव्हा समोरच्याने बाराव्या चालीला वजीर घालवला होता का, हे आधी बघावं. सोप्या डावात अचूकता कोणाचीही वाढते.

मग करायचं काय? पालकांनी संख्याशास्त्र शिकावं असं मी म्हणत नाही. जिल्हा पातळीवर स्पर्धा भरवणारे आणि क्लासचालक यांनी एक साधी शिस्त पाळली तरी पुष्कळ होईल: वाढ सांगायची तर किती मुलांची, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या रेटिंगची, आणि मध्येच सोडून गेलेली मुलं धरून की वगळून, हे त्याच ओळीत छापायचं. शेवटचा मुद्दा सगळेच टाळतात. वीस मुलांतली बारा कंटाळून गेली आणि उरलेल्या आठांची सरासरी छापली, तर ती सरासरी शिकवण्याची राहत नाही. आणि पैसे मागायचे तर ते शिकवणाऱ्याच्या वेळेचे मागावेत. इंजिन फुकट आहे, लिचेस फुकट आहे. मुलाच्या चुकीच्या चालीमागे काय विचार होता हे शेजारी बसून विचारणारा माणूस फुकट नाही आणि नसावाही.

दुसरी अपेक्षा आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून आहे. बांभोरी, शिरपूर, फैजपूर, भुसावळ, धुळे. पंचवीस-तीस किलोमीटरवर एखादं सापडतंच. तेलाच्या गिरणीतून संगणकाची कंपनी उभी राहू शकते हे या प्रदेशाला कोणी सांगायची गरज नाही. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपासाठी सुरू झालेला कारखाना म्हणजे आजची विप्रो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात "एआय आधारित बुद्धिबळ" हा विषय दरवर्षी कुठे ना कुठे असतो. इंटरनेटवरून कोड उतरवायचा, रंग बदलायचा, पहिल्या पानावर स्वतःचं नाव टाकायचं, निकालात "समाधानकारक कामगिरी" लिहायचं. ही फॅट फ्रिट्झची छोटी आवृत्तीच आहे, फक्त तिच्यावर कोणी दावा लावत नाही. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी दोन मुक्त इंजिनं घ्यावीत, लॅबमधली यंत्रं सुटीच्या दिवशी मागून घ्यावीत, पाच हजार डाव खेळवावेत, हॅश किती दिलं, वेळ किती दिला, सुरुवातीचे डाव कोणते ठरवले आणि चुकीची मर्यादा किती, हे मराठीत चार पानांत लिहावं. निकाल "फरक सिद्ध झाला नाही" असा आला तरी पूर्ण गुण द्यावेत. परीक्षकांना हे पचायला थोडा वेळ लागेल हे मला माहीत आहे.

आणि ज्या क्लासच्या पत्रकावर "आमचं स्वतःचं इंजिन" असं छापलेलं असेल, तिथे पैसे भरायच्या आधी पालकाने विचारावं की ते कशावर बेतलं आहे. स्वतःचं असेल तर संचालक आनंदाने तासभर सांगत बसेल. स्टॉकफिशवर बेतलेलं असेल आणि प्रोग्राम मुलाच्या लॅपटॉपवर दिला जाणार असेल, तर त्याचा स्रोत मागायचा हक्क परवान्यानेच घेणाऱ्याला दिला आहे. तो हक्क खानदेशात कोणी बजावल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही. येत्या सुटीत नवे क्लास सुरू होतील तेव्हा कोणीतरी तो मागून बघावा.